गच्चीवर सुतळी टाकून बघा: खंदकाच्या लढाईत ब्रिटिश सैन्याची शस्त्रं कशी बदलत गेली

माझी भाची मनू इंग्लंडला स्लाऊमध्ये असते. जुलैच्या सुट्टीत पुण्याला आमच्याकडे आली तेव्हा सोबत शाळेचं एक काम घेऊन आली होती, पहिल्या महायुद्धात खंदकाच्या लढाईत ब्रिटिश सैन्याची शस्त्रं आणि तंत्रज्ञान कसं बदललं. तिच्या कागदावर ओळीने नावं होती, रायफल, मशीनगन, ग्रेनेड, गॅस, रणगाडा, प्रत्येकापुढे दोन-दोन ओळी, आणि सगळं तोंडपाठ. मी विचारलं, अगं पण रणगाडा १९१६ लाच का आला, १९१४ ला का नाही? तर गप्प बसली. मग आम्ही दोन दिवस गच्चीवर सुतळी, खडू आणि पत्रिकेचे जुने पुठ्ठे घेऊन बसलो, आणि त्यातून जी पद्धत बसली ती इथे लिहितोय, कारण यादी पाठ करून हा विषय डोक्यात शिरत नाही हे मला तेव्हा अगदी पटलं, अंतर मोजलं की मात्र एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत जाते.

सामान साधंच आहे. सुतळीचा एक गुंडा, खडू, टेप, पोस्टकार्डाएवढे कापलेले वीस-पंचवीस पुठ्ठे, तीन वाट्या, उदबत्ती, पाठीवरची एक सॅक आणि तांदूळ, मोबाईलमधलं स्टॉपवॉच. पावसाळ्यात करणार असाल तर खडूवर भरवसा ठेवू नका, आमची पहिल्या दिवसाची सगळी आखणी एका सरीत वाहून गेली, सुतळी मात्र टिकली. खडू फक्त पत्र्याखाली.

आधी मधला पट्टा आखा

प्रमाण ठरवा, एक फूट म्हणजे दहा मीटर. गच्चीच्या एका कडेला सुतळीने ब्रिटिश खंदक टाका, तिथून २५ फूट मोजून समोर जर्मन खंदक टाका. म्हणजे मधे २५० मीटरचा मोकळा पट्टा झाला, नो मॅन्स लँड. प्रत्यक्षात हे अंतर काही ठिकाणी पन्नास मीटरपेक्षाही कमी होतं, काही ठिकाणी बरंच जास्त, पण अभ्यासाला २५० बरं पडतं.

सुतळी सरळ टाकू नका. खंदक नागमोडी असायचे, वरून बघितलं तर किल्ल्याच्या तटाच्या चर्या आडव्या पाडल्यात असं वाटावं. सरळ खणला असता तर एक गोळा आत पडून फुटला की लांबपर्यंत माणसं गेली असती, आणि शत्रू एका टोकाला शिरला तर त्याला दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गोळीबार करता आला असता. खंदकाची रुंदी साधारण दोन मीटर, म्हणजे आपल्या गच्चीवर फक्त अडीच इंच. जर्मन सुतळीच्या पुढे हाताने वेडीवाकडी सुतळी पसरून टाका, ती काटेरी तार. नुसती एक रेघ मारू नका, चांगला फूट-दोन फूट रुंदीचा गुंता करा, कारण काही ठिकाणी तारेचे पट्टे दहा-वीस मीटर रुंद होते.

सप्टेंबर १९१४ मधे मार्नच्या लढाईनंतर मागे हटलेले जर्मन एन नदीच्या वरच्या अंगाला खणून बसले, मग दोन्ही बाजू एकमेकांना वळसा घालायला बघत उत्तरेकडे समुद्रापर्यंत सरकत गेल्या, आणि वर्ष संपता संपता स्वित्झर्लंडच्या सीमेपासून बेल्जियमच्या किनाऱ्यापर्यंत सातेकशे किलोमीटरची खंदकांची रेघ तयार झाली. वळसा घालायला जागाच उरली नाही. आता जायचं तर समोरूनच, आपल्या या २५ फुटांतून.

हे अंतर पायाखाली घालून बघा

ही पायरी कृपा करून टाळू नका. खाली गल्लीत किंवा सोसायटीच्या आवारात ५० मीटर मोजा, सॅकमधे तांदूळ भरा आणि साध्या चालीने चालून वेळ घ्या. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत निघालेल्या सैनिकाच्या अंगावर २५-३० किलोचं ओझं होतं, मुलांना एवढं देऊ नका, आठ-दहा किलोतच कळतं. पावसाने आमच्या गल्लीच्या टोकाला चिखल झालेला होता, मनू त्यातून चालली आणि तिला ५० मीटरला मिनिटाच्या वर लागलं. म्हणजे २५० मीटरला पाच मिनिटं धरू.

आता दुसरा आकडा. मशीनगन मिनिटाला ४५० ते ५०० गोळ्या सोडायची. पाच मिनिटं गुणिले ४५०, म्हणजे एका मशीनगनमधून सव्वादोन हजार गोळ्या, मधे गोळ्यांचा पट्टा बदलायला थोडा वेळ गेला तरी हिशोब फार बदलत नाही. मनूने हे कागदावर लिहिलं आणि म्हणाली, "मामा, मग ते पळत का नाही गेले?" तारेपाशी थांबावंच लागायचं, पळून करणार काय. या एका प्रश्नातून पुढचा सगळा विषय उलगडतो. पट्टा पार कसा करायचा, तार कशी तोडायची, समोरची मशीनगन आणि तिच्या मागची तोफ गप्प कशी करायची. पुढच्या चार वर्षांत ब्रिटिशांनी जे जे बनवलं ते या तीन प्रश्नांपैकी कशाचं तरी उत्तर होतं, आणि प्रत्येक पुठ्ठ्याच्या एका बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर आणि वर्ष असं लिहायचं.

१९१४ चे पुठ्ठे

हे थोडेच आहेत. ली-एनफिल्ड रायफल, .३०३ कॅलिबर, वजन चार किलोच्या आतबाहेर, मॅगझिनमधे दहा गोळ्या, पाच-पाच गोळ्यांच्या क्लिपा वरून अंगठ्याने दाबून भरायच्या. नियमित सैन्यातले शिपाई मिनिटाला १५ नेमके बार काढायला शिकलेले, आणि निशाणाची खूण २००० यार्डांपर्यंत. आता टेपवर बघा, २००० यार्ड म्हणजे आपल्या गच्चीवर १८० फूट. समोरचा माणूस २५ फुटांवर जमिनीखाली बसलाय आणि तुमचं हत्यार १८० फुटांवरच्या उभ्या माणसासाठी बनवलंय. सरळ जाणारी गोळी खंदकात उतरत नाही, हे मुलांना इथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. पुढे १९१६ मधे या रायफलची साधी आवृत्ती काढली तेव्हा लांबच्या माऱ्याची ती जादा निशाणं काढूनच टाकली.

व्हिकर्स मशीनगन, पाण्याने थंड होणारी, नळीभोवतीच्या आवरणात चारेक लिटर पाणी, २५० गोळ्यांचा कापडी पट्टा, तिकाटणं धरून वजन एवढं की सहा माणसांची टोळी लागायची. सुरुवातीला हजार माणसांच्या बटालियनमागे फक्त दोन. आणि १८ पौंडी तोफ, जिच्यासाठी युद्ध सुरू झालं तेव्हा फक्त श्रॅपनेल गोळे होते, म्हणजे हवेत फुटून खाली शिशाच्या गोळ्यांचा मारा करणारे. उघड्या मैदानात भयंकर, खणून बसलेल्या माणसापुढे लंगडे.

हे तीन पुठ्ठे ठेवून झाले की ब्रिटिश सुतळीच्या आत जागा बघा, हातात फेकायचा बरा बॉम्ब नाही, उखळी तोफ नाही, डोक्याला हेल्मेट नाही, कापडी टोपी आहे. या रिकाम्या जागांवर कोरे पुठ्ठे ठेवा. पुढचं वर्ष ते भरण्यात गेलं.

१९१५: जवळच्या माऱ्याची हत्यारं

ब्रिटिशांकडे पहिल्यापासून एक हातबॉम्ब होता, त्याला लांब दांडा आणि कापडी फिती, आपटला की फुटायचा. मोकळ्यावर ठीक, पण अरुंद खंदकात हात मागे नेला की मागच्या भिंतीवर आपटायची भीती. म्हणून मुलांना खंदकाच्या रुंदीएवढ्या जागेत, म्हणजे दोन मीटर अंतरावरच्या दोन भिंतींमधे उभं करून हातात लाटणं देऊन फेकायची नुसती ॲक्शन करायला सांगा, काय चुकतंय ते लगेच समजतं. तोपर्यंत शिपायांनी जॅमच्या रिकाम्या डब्यांचे बॉम्ब बनवून काम चालवलं, वात पेटवायची आणि फेकायचं, पावसात वातच पेटायची नाही. मग १९१५ मधे बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्सचा बॉम्ब आला. पाऊण किलोच्या आसपास वजन, अंगावर सीताफळासारखे खवले, पिन काढायची, खटका हाताने दाबून धरायचा, हातातून सुटला की खटका उडून चार-पाच सेकंदांनी स्फोट. वात नाही, काडेपेटी नाही, आपटायची भीती नाही, ओल्या चिखलातही चालणारा. आम्ही पाऊण किलो तांदूळ फडक्यात घट्ट बांधून मैदानात फेकून बघितला, क्रिकेटमधे बॉल टाकतो तसा हात फिरवून, मनूचा बारा मीटरला पडला, माझा वीसला. सरावलेला शिपाई तीसेक मीटर. गच्चीवर म्हणजे तीन फूट. तेव्हा मिल्स बॉम्बचा पुठ्ठा मधल्या पट्ट्यात ठेवू नका, जर्मन खंदकाला चिकटून ठेवा, कारण तो शत्रूच्या खंदकात पोचल्यावर कोपऱ्यामागे टाकायला कामाचा.

तीन फुटांच्या पुढे आणि २५ फुटांच्या पल्याड काय? तिथे उखळी तोफ. जर्मनांकडे त्या आधीपासून होत्या, ब्रिटिशांनी १९१५ मधे चक्क मोठ्या गलोलीसारखी यंत्रं वापरून बॉम्ब भिरकावले. विल्फ्रेड स्टोक्स नावाच्या इंजिनिअरने जानेवारी १९१५ मधे एक साधी नळी आखली, तोंड वर, तळाशी एक टोचणी, गोळा वरून आत सोडला की घसरत खाली जाऊन टोचणीवर आपटतो आणि उडतो. मिनिटाला वीसच्या वर गोळे. सैन्याने आधी नाकारली, शिल्लक असलेला दारूगोळा तिला चालत नव्हता म्हणून, मंत्री लॉइड जॉर्जनी लक्ष घातल्यावर ती मंजूर झाली. उखळीचा गोळा वर जाऊन जवळजवळ सरळ खाली पडतो, म्हणून तो खंदकात उतरतो. हा कोन समजवायला कागदाचा बोळा एकदा सरळ फेका आणि एकदा उंच उडवा, खाली एक बादली ठेवून. आजची पायदळाची मॉर्टर याच रचनेची आहे.

गोळ्यांचा तुटवडाही याच वर्षीचा. मेमधे फ्रान्समधल्या ओबेर्सवरचा ब्रिटिश हल्ला फसला, गोळे पुरत नाहीत ही बातमी लंडनच्या पेपरात छापून आली, सरकार हललं, आणि दारूगोळ्याचं वेगळं खातंच निघालं, मंत्री लॉइड जॉर्ज. हा पुठ्ठा गच्चीच्या बाहेर, जिन्यात ठेवा, कारण तो इंग्लंडमधल्या कारखान्यांचा आहे. तिथे लाखो बायका कामाला आल्या, टीएनटी ही स्फोटक दारू भरता भरता त्यांची कातडी पिवळी पडायची म्हणून त्यांना कॅनरी म्हणायचे. शस्त्रांच्या अभ्यासात त्यांचा पुठ्ठा नसेल तर तो अभ्यास अर्धा आहे असं मी मानतो.

गॅस आणि उदबत्ती

२२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला. २५ सप्टेंबर १९१५ ला लूसच्या लढाईत ब्रिटिशांनी पाच हजारांवर सिलिंडरमधून साधारण १४० टन क्लोरीन सोडून उत्तर दिलं. आता ब्रिटिश सुतळीपाशी उदबत्ती लावून ठेवा आणि धूर कुठे जातो ते दहा मिनिटं बघा. आमच्याकडे आधी समोर गेला, मग जिन्याच्या खोलीला वळसा घालून परत आमच्याच अंगावर. लूसला नेमकं हेच झालं, काही भागात वारा पडला आणि गॅस स्वतःच्याच खंदकांत रेंगाळला. त्यानंतर गॅस तोफगोळ्यांमधून आणि पुढे लिव्हन्स नावाच्या अधिकाऱ्याने बनवलेल्या नळ्यांमधून थेट शत्रूच्या अंगावर टाकायची पद्धत का वाढली, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मास्कचे पुठ्ठे एका रांगेत लावा. आधी तोंडावर ओल्या कापसाची घडी, मग रसायनात भिजवलेली कापडी पिशवी डोक्यावरून ओढून कॉलरमधे खोचायची, तिला आधी अभ्रकाची काच, त्यात सुधारणा होत होत १९१६ मधे डबीवाला मास्क, ज्यात छातीवरच्या डबीतल्या कोळशातून आणि रसायनांतून गाळलेली हवा नळीने तोंडात यायची. दीड वर्षात कापसाच्या घडीपासून इथपर्यंत. हेल्मेटही याच काळातलं, ब्रॉडीच्या नावाचं, १९१५ च्या शेवटी यायला लागलं, १९१६ च्या उन्हाळ्यापर्यंत दहा लाख. उथळ, रुंद काठाचं, उलट्या परातीसारखं, कारण खंदकातल्या माणसाला धोका वरून, डोक्यावर फुटणाऱ्या गोळ्याचा.

१९१६: सोम, इथे वेळ द्या

जितका वेळ बाकी सगळ्याला द्याल तितका या एका वर्षाला द्या. २४ जूनपासून सात दिवस ब्रिटिशांनी पंधरा लाखांच्या आसपास गोळे टाकले आणि १ जुलैला सकाळी पायदळ निघालं. त्या एका दिवसात ब्रिटिशांची ५७,४७० माणसं गेली किंवा जखमी झाली, त्यातली १९,२४० मेली. हा आकडा मुलांना सांगितल्यावर थोडा वेळ काही बोलू नका, आम्ही पण नाही बोललो.

मग प्रश्न विचारायचा, पंधरा लाख गोळ्यांनी तार का तुटली नाही? बहुतांश गोळे हलक्या तोफांचे श्रॅपनेल. श्रॅपनेलने तार तोडायची तर गोळा अगदी नेमक्या उंचीवर, नेमक्या क्षणी फुटला पाहिजे. दुसरे गोळे होते ते जमिनीत घुसून मग फुटायचे, तार वर उडून परत तशीच गुंत्यात पडायची, खाली खड्डा वेगळाच. घाईघाईत बनवलेले कितीतरी गोळे फुटलेच नाहीत. आणि जर्मन माणसं जमिनीखाली खोल, कोठारांसारख्या खोल्यांत, मारा थांबला की जिने चढून मशीनगन घेऊन वर. सुतळीच्या गुंत्यावर वरून खडा टाकून बघा, गुंता हलतो, सुटत नाही.

याच लढाईत सरकता मारा वाढीला लागला, तोफांनी गोळ्यांची भिंत पायदळाच्या पुढे टाकायची आणि दर तीन-चार मिनिटांनी ९० मीटर पुढे न्यायची. हे करून बघाच. गच्चीवर आडवी सुतळी धरा, स्टॉपवॉच लावा, दर चार मिनिटांनी नऊ फूट पुढे न्या, आणि मागे मुलाला काडेपेटी सरकवत यायला सांगा. मधेच त्याला एक अडचण द्या, समजा मशीनगन लागली, पाच मिनिटं थांब. भिंत निघून जाते, मूल मागे राहतं, आणि भिंतीला परत बोलवायचं तर कसं? खिशात मावणारा वायरलेस नव्हता, टेलिफोनच्या तारा गोळ्यांनी तुटायच्या, निरोप न्यायला धावणारा शिपाई किंवा कबुतर. मनू खरोखर वैतागली तिथे. ते वैतागणं महत्त्वाचं, खंदकाची लढाई का अडली याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

लुईस गन या वर्षी भरपूर झाली, वजन तेराएक किलो, वर ४७ गोळ्यांची चकती, एक माणूस उचलून पुढे नेऊ शकतो. पट्ट्याच्या पलीकडे पोचलेल्या टोळीकडे आता स्वतःची मशीनगन. १९१७ च्या सुरुवातीला प्रत्येक प्लाटूनचे, म्हणजे बटालियनमधल्या लहान तुकडीचे, चार भाग केले, लुईसवाले, रायफलवाले, हातबॉम्बवाले आणि रायफलने ग्रेनेड उडवणारे. १९१४ चा शिपाई आणि १९१७ चा शिपाई यांच्यातला फरक दाखवायला मला हा पुठ्ठा रणगाड्याच्या पुठ्ठ्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

आता रणगाडा. लिंकन गावच्या फॉस्टर कंपनीत विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी तो आखला, गुपित राखायला कामगारांमधे पाण्याच्या टाकीचं नाव चालवलं, ते टँक नाव कायमचं चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६, फ्लेर्सची लढाई, ठरवलेले ४९, त्यातले निघायच्या जागी पोचले ३२. साधारण २८ टन वजन, आठ माणसं, इंजिन आतच उघडं, सपाटीवर वेग ताशी सहा किलोमीटर, चिखलात त्याहून कितीतरी कमी. लांबी आठ मीटर, गच्चीवर दहा इंचाला थोडी कमी पट्टी ठेवा आणि ती अडीच इंचाच्या खंदकावरून कशी आडवी जाते ते दाखवा. तार चिरडणं आणि खंदक ओलांडणं, याच दोन कामांसाठी तो आकार. १९१४ ला का नाही, याचं उत्तर मनूने इथे स्वतः दिलं, युद्ध सुरू झालं तेव्हा समोर तार आणि खंदकच नव्हते.

तीन वाट्या आणि न दिसणारी तोफ

१९१७ चा सगळ्यात मोलाचा भाग हा, आणि पुस्तकांत त्याला सगळ्यात कमी जागा मिळते. जर्मन तोफा खंदकाच्या मागे दोन-तीन किलोमीटरवर, टेकाडामागे. आपल्या प्रमाणात २००-३०० फूट, म्हणजे आमच्या गच्चीवरून मोजलं तर तीन इमारती सोडून. दिसत नाहीत. मग मारायच्या कशा?

लॉरेन्स ब्रॅग हा पंचवीस वर्षांचा तरुण, १९१५ चा नोबेल मिळालेला, आवाजावरून तोफ शोधायच्या कामावर होता. साधे मायक्रोफोन गोळ्याच्या सुसाट जाण्याचा कडाका पकडायचे, तोफेचा खोल धप्प आवाज नाही. त्याच्या हाताखालच्या टकर नावाच्या कॉर्पोरलने बघितलं की तोफ उडाली की झोपायच्या जागेजवळच्या भिंतीतल्या भोकांतून गार हवेची झुळूक तोंडावर येते. त्यावरून त्याने तापवलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन केला, झुळूक आली की तार गार होते आणि वीज बदलते. १९१६ मधे तो चालला. असे सहा मायक्रोफोन काही किलोमीटरच्या कमानीत लावायचे आणि आवाज कुठे किती आधी पोचला ते फिल्मवर नोंदवायचं.

हे सुतळीने करता येतं. दोन वाट्या आठ फुटांवर ठेवा, प्रत्येकीशी एक सुतळी बांधा. समजा पहिलीपेक्षा दुसरीला आवाज दशांश सेकंद उशिरा पोचला. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरचा फरक, गच्चीवर ३.४ फूट. आता दोन्ही सुतळ्या एकत्र चिमटीत अशा धरा की वाटीपासून चिमटीपर्यंत दुसरीची लांबी पहिलीपेक्षा ३.४ फूट जास्त असेल, ताणून जमिनीवर खूण करा. मग दोन्ही सुतळ्या सारख्याच सोडत सोडत पुढे खुणा करत जा. एक वाकडी रेघ तयार होते, तोफ त्या रेघेवर कुठेतरी आहे. तिसरी वाटी ठेवून दुसऱ्या जोडीची रेघ काढा, दोन रेघा जिथे कापतात तिथे तोफ. आमच्या रेघा तुळशीच्या कुंडीपाशी कापल्या आणि मनूने टाळी वाजवली. दुसऱ्याच प्रयत्नात जमलं, पहिल्या वेळी आम्ही सुतळ्या सारख्या सोडल्या नव्हत्या.

याला विमानातून काढलेले फोटो, नेमके नकाशे, प्रत्येक तोफेच्या नळीची झीज आणि त्या तासाचा वारा-तापमान यांचा हिशोब जोडा. आधी चाचणीचे गोळे टाकून नेम धरावा लागायचा आणि शत्रू सावध व्हायचा, आता पहिलाच गोळा नेमका. शिवाय १०६ नंबरचा फ्यूझ, म्हणजे गोळा फोडणारी कळ, १९१७ मधे मोठ्या प्रमाणावर आला, तारेला लागता क्षणी गोळा फुटतो, खड्डा न पाडता तार तोडतो. सोमच्या प्रश्नाचं उत्तर, नऊ-दहा महिन्यांनी. तो पुठ्ठा सोमच्या पुठ्ठ्याशेजारीच ठेवा.

जमिनीखालचं काम थोडक्यात, ७ जून १९१७ ला मेसीन टेकडीखाली १९ सुरुंग पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी उडवले. मँचेस्टरकडे गटारं खणणारे कामगार आणलेले, पाठीवर रेलून दोन्ही पायांनी फावडं चिकणमातीत ढकलायचे, आवाज होऊ नये म्हणून. खोलची निळसर माती वर दिसली तर विमानातून ओळखू येईल म्हणून ती लपवायची.

मग २० नोव्हेंबर १९१७, कॅम्ब्रे. ४७६ रणगाडे, हजार तोफा, चाचणीचा एकही गोळा नाही. रुंद जर्मन खंदक भरायला रणगाड्यांच्या डोक्यावर काटक्यांचे दीड टनाहून जड भारे. एका दिवसात आठेक किलोमीटर, दहा दिवसांनी जर्मनांनी उलट हल्ला करून बरंचसं परत घेतलं. म्हणून मी रणगाड्याचा पुठ्ठा एकटा कधीच ठेवू देत नाही.

आपली माणसं कुठे ठेवायची

इथे चूक होते म्हणून मुद्दाम सांगतो. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे, लढल्या, त्यांना फ्रान्सच्या नकाशावर टाकू नका. पण खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या तिथे होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यव्ह शापेल गावात ते ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखे घराघरांतून लढले, आणि मोठी हानी सोसून मागे यावं लागलं. खणायला आणि पूल बांधायला शिकलेली माणसं ती. १० मार्च १९१५ ला त्याच गावावर विमानातल्या फोटोंवरून नकाशा करून हल्ला झाला, त्यातही हिंदी सैन्य. २६ एप्रिल १९१५ ला ईप्रला लाहोर डिव्हिजन गॅसमधे सापडलं, तेव्हा धड मास्कही नव्हते. तार उडवायची बेंगलोर टॉर्पेडो नावाची स्फोटकांची लांब नळी १९१२ मधे बेंगलोरला मद्रास सॅपर्समधे तयार झालेली, तिचा पुठ्ठा तारेच्या गुंत्याखाली सरकवा. १९१५ च्या शेवटी हिंदी पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाला गेलं, म्हणजे मिल्स बॉम्ब, हेल्मेट, डबीवाला मास्क हे सगळं नीट हातात यायच्या आधीचा सगळ्यात वाईट काळ त्यांच्या वाट्याला आला. न्यव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून जास्त नावं आहेत.

शेवटचा पुठ्ठा

८ ऑगस्ट १९१८, आमिएन. मुलांना सांगा, आता सगळे पुठ्ठे उचला आणि एकाच सकाळच्या क्रमाने परत मांडा. आदल्या रात्री विमानांच्या घरघरीने रणगाड्यांचा आवाज झाकला. समोरच्या ५३० जर्मन तोफांपैकी ५०४ आधीच नकाशावर खुणावलेल्या, पहिल्या मिनिटाला त्यांच्यावर मारा. सरकती भिंत, तिच्या मागे चारशेच्या वर रणगाडे, मागे लुईस गन आणि ग्रेनेडवाल्या टोळ्या, वर विमानं. दिवसाअखेर तेरा किलोमीटर पुढे. चार दिवसांनी चालू रणगाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, बाकीचे बिघडले किंवा फुटले, पण तोफा आणि टोळ्या पुढे चालतच राहिल्या.

मनूला क्रम लावायला वीसेक मिनिटं लागली. सगळ्यात आधी तिने तीन वाट्या उचलून मांडल्या, मग १०६ चा फ्यूझ, मग भिंतीची सुतळी, आणि रणगाडा सहाव्या नंबरला.